रिकाम्या प्लॉटातून आलेली क्यारी

२०१९ च्या फेब्रुवारीत आमच्या शेजारच्या ४७ नंबरच्या प्लॉटवर जेसीबी आला. आदल्या दुपारी मालकाचा माणूस सांगून गेला, "ताई, उद्या गाडी इकडे नका लावू, प्लॉट साफ करून रायलो." पंधराशे फुटांचा प्लॉट, अकरा वर्षं रिकामा पडलेला. लेआउटमधल्या बहुतेकांना हायसं वाटलं. साप निघतात, डास होतात, लोक रात्री कचऱ्याच्या थैल्या फेकून जातात, ही सगळ्यांची तक्रार होती आणि ती खरीच होती. माझ्या मात्र पोटात गोळा आला. त्या प्लॉटमधलं एकेक झाड मला नावानिशी माहीत होतं.

मी पोस्टाची आरडी एजंट आहे. महिन्याच्या एक तारखेपासून स्कूटीवर नागपुरात मनीषनगर, बेसा, बेलतरोडी, नरेंद्रनगर अशी फिरते, घरोघरचे हप्ते गोळा करते, पोस्टात भरते. अठरा वर्षं त्याच गल्ल्या, तीच दारं. दर महिन्याला त्याच वाटेने गेलं की कुठल्या कंपाउंडवर काय फुललंय, मागच्या महिन्यात तिथे काय होतं, हे आपोआप डोळ्यांत बसतं. हप्त्यांच्या वहीची मागची पानं मी झाडांसाठी राखून ठेवली आहेत. तारीख, गल्ली, झाड, त्यावर काय बसलं होतं, एवढंच लिहिते. त्या नोंदींमधून एक गोष्ट फार आधी लक्षात आली होती. नर्सरीतून आणून सजवलेल्या बागांमध्ये फुलपाखरं येऊन जायची. राहायची ती रिकाम्या प्लॉटांत.

४७ नंबरमध्ये काय नव्हतं! मागच्या भिंतीशी तीन रुया. तारेच्या कुंपणावर हरणदोडीचा वेल. पावसाळ्यात गुडघाभर तरोटा, ज्याची कोवळी पानं खुडून आई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाजी करायच्या. काळ्या मातीला चिकटून पसरलेली किडामारी. भिंतीच्या सावलीत चित्रक, आणि रस्त्याकडच्या कोपऱ्यात कोरांटीचं जुनं काटेरी झुडूप. यांना कुणी कधी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की रुई सोडून बाकी सगळं वाळून जायचं, आणि मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की आठवड्याभरात परत उभं राहायचं.

निरोप आला त्याच संध्याकाळी मी सब्बल, खुरपं आणि तांदळाची दोन रिकामी पोती घेऊन प्लॉटमध्ये शिरले. फेब्रुवारीतली काळी माती म्हणजे दगड. आधी बादल्यांनी पाणी ओतलं, तासभर मुरू दिलं, मग हे मोबाइलचा उजेड धरून उभे राहिले आणि मी खणत गेले. रात्रीचे साडेदहा वाजले. दुसऱ्या दिवशी चहा-नाश्ता आटोपेपर्यंत प्लॉट तळहातासारखा साफ झाला होता.

आणलेल्यातलं सगळं वाचलं नाही. रुईची दोन्ही रोपं गेली. रुईचं सोटमूळ खोल जातं, ते तुटलं की झाड धरत नाही. किडामारीची सहा ढेकळं आणली होती, चार जगली. चित्रक आणि कोरांटीला काहीच झालं नाही, पंधरा दिवसांत डोळे फुटले. हरणदोडीच्या मी फक्त वाळलेल्या शेंगा तोडून आणल्या होत्या.

आमची क्यारी पूर्वेच्या भिंतीलगत आहे, २२ फूट लांब आणि ३ फूट रुंद. त्याआधी दर दिवाळीला मी तिच्यात पेटुनिया, झिनिया आणि हायब्रीड झेंडू लावायचे. होळीपर्यंत दृष्ट लागेल अशी दिसायची आणि नवतपा लागायच्या आत माती उघडी पडायची. झिनियावर फुलपाखरं यायची, नाही असं नाही. पण चहा पिऊन उठणाऱ्या पाहुण्यांसारखी. फुलातला रस त्यांना बऱ्याच फुलांचा चालतो. अंडं मात्र मादी वाटेल तिथे घालत नाही. अळी जे पान खाणार, त्याच पानावर ती अंडं ठेवते, आणि बऱ्याच जातींची ही पानं मोजकीच ठरलेली असतात. झिनिया मेक्सिकोकडची, पेटुनिया दक्षिण अमेरिकेतली. आपल्याकडच्या अळ्यांना त्या पानांची ओळख कुठून असणार? माझ्या क्यारीत चहाची सोय होती, लेकरं वाढवायची नव्हती.

तर त्या वर्षी जूनमध्ये क्यारी नव्याने भरली. काळ्या मातीत खोल खड्डा करून त्यात शेणखत भरायची पद्धत आहे, तिने झाडं मरतात. पावसाळ्यात तो खड्डा टाकीसारखा भरतो आणि मुळं सडतात. म्हणून या वेळी जमिनीच्या वर वीतभर उंच वाफा केला. दोन घमेली मातीला एक घमेलं मुरूम आणि शेणखत अगदी बेताचं. रानातल्या झाडांना खत जास्त झालं की ती पानांनीच माजतात, फुलायचं नाव घेत नाहीत.

मागे भिंतीशी रुई आणि अडुळसा. रुई या वेळी बियांपासून केली. उन्हाळ्यात बोंडं फुटून म्हाताऱ्या उडायला लागतात, त्या बेसा रस्त्याच्या कडेला रुमालात धरल्या. अडुळशाची फांदी नरेंद्रनगरच्या एका आजींनी दिली. हप्ता दोनदा चुकला म्हणून त्या फार खजील झाल्या होत्या, मी म्हटलं, आजी, एक फांदी द्या, दंडाचं मी बघते. पावसाळ्यात खोचलेली अडुळशाची फांदी सहसा वाया जात नाही. त्यांच्या पुढे कोरांटी, चित्रक आणि तुळशी. अगदी पुढे किडामारी. भिंतीला तार मारून तिच्यावर हरणदोडी. दक्षिणेच्या कोपऱ्यात एक निंबू. तरोटा आणि घोळ लावावे लागले नाहीत, ते शेणखताबरोबर आपसूक आले आणि मी उपटले नाहीत. एकदांडीही येऊ देते. ती मूळची अमेरिकेकडची आहे, पण पाऊस संपल्यावर बाकी काही फुललेलं नसतं तेव्हा तिच्या त्या एवढ्याशा फुलावर सगळ्यांचं भागतं. रायमुनिया, म्हणजे घाणेरी, मात्र दिसली की उपटते. तिच्यावर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं आहे आणि लोक मला तेच ऐकवतात. पण ती आपल्या जंगलात कशी पसरली आहे ते पेंचला जाताना गाडीतूनही दिसतं. तिच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. ती दारात लावायची आणि बुलबुलांनी बी खाऊन पुढे नेऊन टाकायची, हे मला पटत नाही.

पहिल्या वर्षी क्यारी अगदी ओकीबोकी दिसली. आरडीचं असंच असतं. साठ हप्ते असतात, पहिल्या बारांत कुणालाच काही जमल्यासारखं वाटत नाही.

त्या पहिल्याच पावसाळ्यात एक वाईट गोष्ट घडली. निंबू मी नर्सरीतून आणला होता. हिरवागार, चकचकीत, पानाला एक भोक नाही. मी मुद्दाम तसाच निवडला होता. ऑगस्टमध्ये लाइम जातीच्या फुलपाखराची मादी आली, कोवळ्या शेंड्यांवर टेकत टेकत मोहरीएवढी फिक्कट पिवळी अंडी ठेवून गेली. मी रोज बघायचे. अळ्या निघाल्या, चिमणीच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या, काळ्या-पांढऱ्या. दोन दिवस त्यांनी पानाची कड खाल्ली. तिसऱ्या दिवशी त्या हलेनाशा झाल्या. एक पानावरून अर्धी लोंबत होती, बाकीच्या खाली मातीत पडल्या होत्या, मऊ, काळवंडलेल्या. अकरा अळ्या होत्या. नर्सरीत जाऊन विचारलं तर तिथला मुलगा सरळ म्हणाला, "हो ताई, कुंडीत दाणेदार औषध टाकतो ना आम्ही. पान खराब झालं तं गिऱ्हाईक घेत नाही." ते दाणे मुळांवाटे पानापानांत चढतात आणि बरेच दिवस तिथे राहतात. विषाला औषध म्हणायची आपल्याकडे रीतच आहे, आणि विदर्भात या शब्दाने काय काय पाहिलंय ते सांगायला नको. त्या मुलाचा दोष नाही, बिनभोकाचं पान मीच मागितलं होतं. तेव्हापासून नर्सरीतलं झाड घ्यायची वेळ आलीच तर मी भोकं पडलेलं निवडते, आणि एक अख्खा हंगाम त्याला बाजूला ठेवून त्याची नवी पालवी येऊ देते.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि हप्ते थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सकाळी मला कुठे जायचं नव्हतं. रुई तोवर मांडीपर्यंत आली होती. एप्रिलमध्ये सगळी क्यारी सुकत चाललेली असताना ती एकटी टवटवीत होती आणि तिच्यावर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या होत्या. ही अळी दिसते फार देखणी. काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची, आणि अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. मी सकाळी सात वाजता पाट घेऊन रुईसमोर बसायचे.

एक अळी पानाच्या देठाकडे गेली. मला वाटलं आता कड खायला घेईल. तिने कडेला तोंडही लावलं नाही. मधली जाड शीर होती तिथे थांबली आणि तीच कुरतडायला लागली. पांढरा चीक भळाभळा आला. ती तोंड मागे घेई, डोकं इकडेतिकडे पुसल्यासारखं करी, परत कुरतडी. असं बराच वेळ चाललं. शिरेला खाच पडली, पानाचा पुढचा भाग जरासा खाली लवला. मग ती पानाच्या टोकाकडे चालत गेली आणि निवांत खायला लागली. तिथे आता चीक येत नव्हता, नळ मागूनच बंद केला होता. बोटभर लांबीच्या त्या जिवाला हे कुणी शिकवलं? मी आत जाऊन ह्यांना बोलावून आणलं, मग आईंना. तिघं जण एका रुईसमोर उभे होतो.

रुईचा हा कडवट विषार अळीच्या अंगात साठतो आणि पुढे फुलपाखरातही उतरतो. पक्ष्याने एकदा चव घेतली की तो परत त्या रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणून प्लेन टायगर एवढ्या संथपणे उडतं, घाईच नसते त्याला. (रुईचा चीक आपल्याही डोळ्यांना वाईट. छाटणी करताना चष्मा घाला आणि हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका.)

याच गोष्टीमुळे पुढे मी एकदा चक्रावले होते. पाऊस संपता संपता एक प्लेन टायगर खाली घोळीवर अंडी घालताना दिसली. घोळ म्हणजे आपली भाजीची घोळ. प्लेन टायगर घोळ खात नाही, हे तोवर मला पक्कं ठाऊक होतं. चार दिवस मी वहीत प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. माझ्या एका ग्राहकाची मुलगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकायची, तिला फोटो दाखवला. ती म्हणाली, काकू, मागचा पंख बघा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधोमध काळे ठिपके असतात, हिला कडेला एकच आहे. ही डॅनॅइड एगफ्लाय. ती स्वतः विषारी नाही, रुईशी तिचा संबंध नाही. तिने फक्त कडू फुलपाखराचा पोशाख घेतलाय. तिचा नर तर तिच्यासारखा दिसतही नाही, काळाभोर, पंखांवर पांढरे टपोरे ठिपके आणि त्यांना निळी-जांभळी झाक. नक्कल चालायची तर अस्सल शेजारी असायला हवं, म्हणजे घोळीवरच्या त्या मादीला माझी रुईसुद्धा लागते. हे समजलं तेव्हा मला क्यारीत काय कशाशेजारी आहे याची नव्याने किंमत कळली.

आता आईंबद्दल.

आई शेंदुरजना घाटच्या. संत्र्याच्या कलमा तयार करणारं ते गाव, त्यांच्या माहेरीही नर्सरी होती. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधायचा, कलम सांभाळायची, पाऊस आला की विकायची. त्यांच्या लहानपणी मुलींचं काम एकच, सकाळी उठून रोपांवरच्या अळ्या वेचायच्या. त्या निंबूवर २०२० च्या पावसाळ्यात, विष उतरून गेल्यावर, परत अळ्या आल्या. मोठ्या होऊन हिरव्या झाल्या, डोक्याजवळ दोन डोळ्यांसारखे ठिपके. आईंनी पाहिलं आणि ओरडल्याच.

"थे पाय! कलमाइवरची अळी. काहून ठेवली व तू हे?"

त्यांनी काडीने एकीला डिवचलं. अळीने डोक्यामागून नारिंगी-तांबडी दुफाटी शिंगं बाहेर काढली आणि उग्र आंबूस वास सुटला. आईंनी नाक मुरडलं, पण हसल्याही. "हाच वास. हाताले दिवसभर राहे. सकायीच येचाच्या अन् रॉकेलच्या डब्यात टाकाच्या. शेकड्यानं."

मी म्हटलं, आई, या सात राहू द्या. एकच तर झाड आहे. त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांची खुर्ची निंबूजवळ गेली. संध्याकाळी मी घरात शिरले की आकडा सांगायच्या: आज सहा, एक बुलबुलाने नेली. आज पाच. आज दोन दिसत नाहीत, कोशाला गेल्या असतील. एका कोशातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशी निघाली, तेव्हा त्या दिवसभर गप्प होत्या.

जो एक कोश खालच्या फांदीला, रेशमाच्या एका दोऱ्याने कमरेशी बांधलेला होता, तो एका सकाळी उकलला. आधी ओला, चुरगाळलेला गोळा. मग पंख हळूहळू भरत गेले, वाळत घातलेल्या लुगड्यावरच्या सुरकुत्या जाव्यात तसे. काळ्यावर पिवळट ठिपके, मागच्या पंखाच्या कोपऱ्यात विटकरी टिकली. आईंनी चहा तसाच ठेवला. फुलपाखरू उडालं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे हाये थे? हे तं आमच्या बगीच्यात ढीगभर फिरे. बहाराच्या वेळेस तं पायलंच नाही जाये." सत्तर वर्षं त्यांनी अळी वेगळी पाहिली होती आणि फुलपाखरू वेगळं. रात्री जेवताना मध्येच म्हणाल्या, "पानंच तं खाल्ली ना इनं. झाडाले पानं येतेच परत."

कलमांच्या नर्सरीत ही अळी खरंच नुकसान करते, तिथे शेतकऱ्याने ती वेचली तर त्याला बोल लावता येत नाही. पण आपल्या अंगणातल्या एका निंबूवरून, एका गोडलिंबावरून कुणाचं पोट चालत नाही. तिथे थोडी सोसावी.

किडामारीची कथा याच्या उलटी. तिथे झाडच पुरलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात कॉमन रोझ आली, काळी, मागच्या पंखांवर पांढरा आणि लाल रंग, अंगही लाल. तिची अळी किडामारीच्या कुळातलीच झाडं खाते. पाच अळ्या झाल्या, गर्द तपकिरी, अंगभर तांबड्या मांसल गाठी, मध्ये एक पांढरा पट्टा. माझी चार रोपं त्यांनी सहा दिवसांत देठांसकट संपवली आणि मग उघड्या मातीवर फिरायला लागल्या. मी सकाळी हप्त्यांना निघायच्या आधी बेसाच्या पुढे गेले, जिथे वावरं अजून शिल्लक आहेत, धुऱ्यावरून किडामारी उपटून डिकीत भरून आणली. चार दिवस हाच क्रम. एका शेतकऱ्याने विचारलं, कुणाले जंत झाले काय? किडामारी जंतांवर देतात, म्हणून. मी खरं सांगितलं. तो म्हणाला, घेऊन जा बाई, मले तं निंदूनच फेकायची हाये. पाचपैकी तीन कोशात गेल्या. त्यानंतर मी किडामारी दोन फूट रुंद पट्टाभर वाढवली. एका जातीचं एकच रोप लावून उपयोग नसतो. अळ्यांना पोटभर मिळेल एवढं लावावं, नाहीतर मादी येते, विश्वासाने अंडी ठेवून जाते आणि आपण तिला फसवलेलं असतं.

चित्रकावर झेब्रा ब्लू येते, नखाएवढी, पंखाखाली पट्टे. कळ्यांमध्ये अंडी घालते. कोरांटीवर लेमन पॅन्झी. हरणदोडी चांगली पसरायला तीन वर्षं लागली, तिच्यावर ब्लू टायगर. शेजाऱ्यांच्या आंब्यावर बांडगूळ आहे, ते अजून कापलं नाही म्हणून पिवळं-लाल हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू आमच्याकडे फिरतं. त्याची अळी बांडगुळावरच वाढते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ज्याला राज्य फुलपाखरू केलं ते ब्लू मॉर्मॉन अजून माझ्याकडे आलेलं नाही. निंबू आहे, मी वाट बघते आहे.

मधमाश्यांविषयी खरं तर वेगळं लिहायला हवं. लोकांना आग्या आणि फुलोरी तेवढ्या ठाऊक असतात. पण माझ्या तुळशीवर येणाऱ्यांत पोळंच न करणाऱ्या कितीतरी आहेत, एकेकट्या राहणाऱ्या. पोटावर निळे चमकदार पट्टे असलेली एक माशी आहे. ती वांग्याच्या फुलाला लटकते आणि अंग थरथरवते, भुर्र असा बारीक आवाज येतो. वांग्याच्या, टमाट्याच्या फुलातला पराग मिठाच्या डबीत असावा तसा बंद असतो, वरच्या छिद्रांतून हलवल्याशिवाय पडत नाही. आमची वांगी आता आधीपेक्षा भरून धरतात.

तिचे नर ऑक्टोबरात झोपायला कुठे जातात ते मी टॉर्च घेऊन पाहिलं. तुळशीची वाळलेली मंजिरी होती, त्या काडीला सात जण ओळीने, जबड्याने काडी घट्ट धरून, पाय सोडून लटकलेले. रोज तिन्हीसांजेला त्याच काडीवर. तुळशीच्या लग्नाआधी आई वाळक्या मंजिऱ्या काढून वृंदावन सजवतात. त्या वर्षी वृंदावनातली तुळस सजली आणि क्यारीतली ती काडी तशीच ठेवली.

या माश्यांतल्या बऱ्याच जणी जमिनीत घर करतात, म्हणून क्यारीच्या एका टोकाला हातभर माती मी उघडीच ठेवते, पालापाचोळासुद्धा टाकत नाही. एका पसरट मातीच्या ताटलीत चिखल असतो, त्यात चिमूटभर मीठ. नर फुलपाखरं तिथे चिखल चोखायला बसतात. पाणी साचू देत नाही, डेंग्यूची भीती खरी आहे. दिवाळीच्या साफसफाईत क्यारीला हात लावत नाही. वाळल्या काड्यांना कोश असतात. छाटायचं ते मार्चमध्ये, तेही अर्धी क्यारी या महिन्यात, अर्धी पुढच्या.

उन्हाळ्यात ती खरंच भकास दिसते. एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, मुळाशी पाणी घालते, त्याहून जास्त नाही. कोणी पाहुणे आले की म्हणतात, अरेरे, सगळं मेलं. मेलेलं नसतं. चित्रकाच्या बुंध्याशी नखाने खरवडलं की आत हिरवं दिसतं.

गल्लीतले सूर आता बरेच बदललेत. सुरुवातीला पोळ्याच्या पाडव्याला, रोगराईची बाहुली गावाबाहेर काढतात त्या मारबतीच्या दिवशी, पोट्टे आमच्या फाटकासमोर येऊन ओरडायचे, "अळ्या-गोचीड घेऊन जा गे मारबत!" त्यातलेच दोघं आता शाळेतून येताना थांबतात, प्लेन टायगरचा कोश शोधतात. पानाखाली असला तर हिरवा, कुंडीच्या काठाला असला तर गुलाबीसर, आणि दोन्हीवर सोन्याच्या टिकल्या. ज्याला आधी सापडेल त्याला पेरू.

४७ नंबरवर आता तीन मजली घर आहे. चांगली माणसं आहेत. त्यांच्या सुनेने मागच्या जुलैत चित्रकाच्या तीन कांड्या नेल्या. त्या जिथे लावल्या, तिथून जेमतेम दहा फुटांवर त्यांचं मूळ झाड होतं.

परवा बेलतरोडीला हप्ता घ्यायला गेले तर कोपऱ्यावरच्या प्लॉटवर सळया उतरवलेल्या दिसल्या. तिथल्या तारेवर हरणदोडी आहे, माझ्या वहीत २०१६ पासून नोंद आहे तिची. शेंगा वाळत आल्यात. कुंपणाच्या आत किडामारीही असावी, पण दुरून नीट दिसली नाही. मालकांना फोन केला, ते म्हणाले काय पाहिजे ते घेऊन जा, सोमवारी मशीन येणार आहे. पोती धुऊन वाळत घातली आहेत. रविवारी सकाळी सहाला आईसुद्धा येते म्हणतात, किडामारी त्यांना माझ्यापेक्षा लवकर दिसते.